तटस्थ म्हणजे नक्की कुठे उभा? १९३५ ते १९४१ची अमेरिकन व्यंगचित्रं वाचायची कशी

'तटस्थ' या शब्दातच एक चित्र आहे. तट म्हणजे काठ, आणि तटस्थ म्हणजे काठावर उभा असलेला. दुसऱ्या महायुद्धात उतरण्याआधीच्या अमेरिकेची राजकीय व्यंगचित्रं वाचताना हा अर्थ फार कामाला येतो. तिथले व्यंगचित्रकार सहा वर्षं जवळजवळ एकाच प्रश्नावर शाई खर्च करत होते: आपला काठ पाण्यापासून किती लांब आहे? एकाच्या चित्रात अटलांटिक म्हणजे किल्ल्याचा खंदक, तर दुसऱ्याच्या चित्रात उडी मारून ओलांडता येईल असा ओहोळ. नकाशावर समुद्र तोच, चित्रात मात्र त्याची रुंदी मतानुसार बदलते.

म्हणून या चित्रांच्या वाचनाची गुरुकिल्ली एवढीच: आधी अंतर मोजा, विनोद नंतर. खालच्या पायऱ्या त्याच बेताने लावल्या आहेत. पहिल्या चित्राला अर्धा तास लागेल, दहाव्याला दहा मिनिटं पुरतील.

पायरी १. तारखांचा कागद

चित्र उघडण्यापूर्वी एका कागदावर पुढच्या तारखा लिहून समोर चिकटवा. त्यांच्याशिवाय यातली निम्मी चित्रं मुकी राहतात.

३१ ऑगस्ट १९३५: पहिला तटस्थता कायदा. युद्ध करणाऱ्या देशांना शस्त्रविक्री बंद.
२९ फेब्रुवारी १९३६: मुदतवाढ, शिवाय कर्ज देण्यावर बंदी.
१ मे १९३७: तिसरा कायदा. शस्त्रं सोडून इतर माल रोख पैसे मोजून स्वतःच्या जहाजातून न्यायची मुभा, म्हणजे 'कॅश अँड कॅरी'.
४ नोव्हेंबर १९३९: शस्त्रबंदी उठली. आता शस्त्रंसुद्धा रोखीत आणि ज्याच्या त्याच्या जहाजातून.
२ सप्टेंबर १९४०: ब्रिटनला ५० जुन्या विनाशिका, बदल्यात नाविक तळ.
४ सप्टेंबर १९४०: युद्धात उतरण्याला विरोध करणाऱ्या 'अमेरिका फर्स्ट कमिटी'ची स्थापना.
१६ सप्टेंबर १९४०: शांततेच्या काळातली पहिली सक्तीची लष्करभरती.
११ मार्च १९४१: लेंड-लीज, म्हणजे उसनवारीवर युद्धसाहित्य.
१२ ऑगस्ट १९४१: लष्करभरतीची मुदतवाढ कनिष्ठ सभागृहात २०३ विरुद्ध २०२ मतांनी मंजूर.
३१ ऑक्टोबर १९४१: जर्मन पाणबुडीने 'रूबेन जेम्स' ही अमेरिकन विनाशिका बुडवली.
७ डिसेंबर १९४१: पर्ल हार्बरवर जपानचा हल्ला.

या यादीत एक गोम आहे. कायद्याचं नाव शेवटपर्यंत 'तटस्थता' राहिलं, पण १९३९नंतर त्याचा कल उघडपणे एका बाजूला गेला. समुद्रावर ताबा ब्रिटनच्या आरमाराचा होता. त्यामुळे रोख पैसे आणि स्वतःचं जहाज ही अट कागदावर दोघांना सारखी असली, तरी तिचा फायदा एकालाच होणार होता. ही 'नरो वा कुंजरो वा' छापाची तटस्थता व्यंगचित्रकारांच्या लगेच लक्षात आली. १९३९च्या शरद ऋतूतल्या चित्रांत दुकानदार, गल्ला किंवा टोपली दिसली की हा कायदा आठवा.

पायरी २. चित्र कुठून घ्यायचं

समाजमाध्यमांवर फिरणारं चित्र घेऊ नका. त्याची खालची ओळ कापलेली असते, तारीख गेलेली असते, कधी कोपऱ्यातली सहीसुद्धा. चार संग्रह नवख्याला पुरेसे आहेत.

क्लिफर्ड बेरीमन हा वॉशिंग्टनच्या 'इव्हनिंग स्टार'चा व्यंगचित्रकार. त्याची सुमारे २,४०० मूळ शाईचित्रं अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्ह्जकडे आहेत. 'इव्हनिंग स्टार'चे अंक लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या 'क्रॉनिकलिंग अमेरिका' या संग्रहात फुकट पाहता येतात. सुरुवात इथूनच करा, कारण मूळ चित्र आणि छापलेलं अख्खं पान अशा दोन्ही गोष्टी मिळतात. थिओडोर गाइझल, म्हणजे डॉ. स्यूस, याने 'पीएम' या न्यूयॉर्कच्या दैनिकासाठी १९४१ ते १९४३ या काळात चारशेहून अधिक चित्रं काढली. ती सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संग्रहात तारीखवार लावलेली आहेत. ब्रिटिश बाजूसाठी केंट विद्यापीठाचं 'ब्रिटिश कार्टून आर्काइव्ह', आणि अमेरिकन व्यंगचित्रकार हर्बर्ट ब्लॉकच्या चित्रांसाठी पुन्हा लायब्ररी ऑफ काँग्रेस.

मिळेल त्या सर्वांत मोठ्या आकाराची फाइल उतरवा. २०० टक्के मोठी केल्यावर टोपीवरची, पिशवीवरची, कागदाच्या कपट्यावरची अक्षरं वाचता आली पाहिजेत. वाचता येत नसतील तर ती फाइल निरुपयोगी, कारण तो कपटाच बहुधा चित्राचा विषय असतो. शक्य असेल तेव्हा शेजारच्या बातम्यांसह पूर्ण पान जपून ठेवा. संपादकीय चित्र हे त्या दिवशीच्या मथळ्याशी बोलत असतं.

पायरी ३. तारीख पक्की करा

अमेरिकन पद्धतीत महिना आधी, दिवस नंतर. नवखे इथेच सर्वांत जास्त घसरतात. स्यूसचं एक प्रसिद्ध चित्र १०/१/१९४१ चं आहे. ते आपल्या सवयीने १० जानेवारी वाचलं तर घोटाळा होतो, कारण 'पीएम'मधलं त्याचं पहिलं चित्रच ३० जानेवारी १९४१चं. खरी तारीख १ ऑक्टोबर. म्हणून वहीत महिना नेहमी अक्षरी लिहा.

तारीखच नसेल तर चित्रातल्या वस्तूंवरून अंदाज बांधता येतो. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने १७ डिसेंबर १९४० रोजी पत्रकारांना एक दाखला दिला: शेजाऱ्याच्या घराला आग लागली, तर आपला बागेतला पाण्याचा पाइप देताना आपण त्याची किंमत मागत बसत नाही. तेव्हा चित्रात जळतं घर आणि पाइप घेऊन धावणारा अंकल सॅम (म्हणजे अमेरिका) असेल, तर ते बहुतेक त्या दिवसानंतरचं. सिनेटर रॉबर्ट टाफ्ट यांनी त्यावर टोला हाणला होता की युद्धसाहित्य उसनं देणं म्हणजे च्युइंगगम उसनं देण्यासारखं आहे, परत कोण घेणार? लेंड-लीजच्या चित्रात च्युइंगगम दिसला तर गोंधळू नका. पण हा अंदाज फक्त खालची मर्यादा सांगतो: 'याच्या आधीचं नाही' इतकंच. 'याच तारखेचं' असं त्यावरून लिहू नका.

पायरी ४. पान कुणाचं?

व्यंगचित्राच्या मागे वर्तमानपत्र असतं, आणि त्याच्या मागे मालक. कर्नल रॉबर्ट मॅकॉर्मिकचा 'शिकागो ट्रिब्यून' युद्धात पडण्याच्या कट्टर विरोधात आणि रूझवेल्टच्याही विरोधात. त्याचं व्यंगचित्र पहिल्या पानावर यायचं, कित्येकदा रंगीत. जॉन मॅकचन आणि कॅरी ऑर ही तिथली नावं. मॅकॉर्मिकचा मावसभाऊ जोसेफ पॅटरसन याचा 'न्यूयॉर्क डेली न्यूज' मात्र १९४०पर्यंत रूझवेल्टचा समर्थक होता, तरीही युद्धविरोधी. दोघांना एकाच खणात टाकाल तर फसाल. 'पीएम' १९४०च्या जूनमध्ये निघालं. त्यात जाहिराती नव्हत्या, कल डावा होता आणि सूर हिटलरविरोधी.

मालक आणि चित्रकार यांचं मत एकच असतं असंही धरू नका. डेव्हिड लो हा मूळचा न्यूझीलंडचा, लंडनच्या 'इव्हनिंग स्टँडर्ड'मध्ये काढायचा. मालक लॉर्ड बीव्हरब्रुक यांना हिटलरशी जमवून घेणं मान्य होतं, लोला अजिबात नाही. करारातच त्याने चित्राचं स्वातंत्र्य मागून घेतलं होतं. (आपल्याकडे आर. के. लक्ष्मण आणि बाळ ठाकरे दोघेही लोला मानायचे. 'मार्मिक'ची जुनी चित्रं ज्यांच्या डोळ्यांखालून गेली आहेत, त्यांना लोची ब्रशची जाड-बारीक रेषा ओळखीची वाटेल.)

वहीत पानाबद्दल तीन शब्दच लिहा: मालक, कल, चित्राची जागा. पहिल्या पानावरचं चित्र आणि संपादकीय पानावरचं चित्र यांचा आवाज वेगळा असतो.

पायरी ५. अंतर मोजा

इथे वेळ घालवा. चित्रावर बोट ठेवून तीन गोष्टी शोधा: तटस्थ देश कोणता, संकट कोणतं, आणि दोघांच्या मध्ये काय आहे.

स्यूसचं २२ मे १९४१चं चित्र घ्या. हिटलर हा सुतारपक्षी. देशांची नावं लिहिलेली झाडं एकेक करून त्याने चोचीने पाडली आहेत. अमेरिकेचा पक्षी आपल्या झाडावर निवांत पहुडला आहे आणि म्हणतो आहे: 'हं! ते शेवटचं झाड पाडून होईपर्यंत बेटा दमेलच बहुतेक.' मध्ये काय आहे? समुद्र नाही. रांगेतली झाडं आहेत. अटलांटिकची जागा झाडांच्या क्रमाने घेतली, की भूगोल पुसला जातो आणि फक्त पाळी उरते. चित्राचा सगळा युक्तिवाद या अदलाबदलीत आहे, झोपाळू पक्ष्याचा विनोद त्यावरची फोडणी.

आता १ ऑक्टोबर १९४१चं, वर उल्लेख आलेलं. 'अमेरिका फर्स्ट' लिहिलेला स्वेटर घातलेली आई दोन भेदरलेल्या मुलांना 'अडॉल्फ लांडगा' ही गोष्ट वाचून दाखवते आहे: लांडग्याने मुलांना चावून चावून हाडं थुंकली, पण ती परदेशी मुलं होती, त्यामुळे काही बिघडलं नाही. इथे संकट पुस्तकाच्या पानात बंद आहे, म्हणजे अंतर जास्तीत जास्त. तरीही मुलांचे डोळे विस्फारलेले. आईने मोजलेलं अंतर आणि मुलांनी मोजलेलं अंतर जुळत नाही, आणि चित्रकार मुलांच्या बाजूने आहे.

२९ एप्रिल १९४१च्या चित्रात तर अंतराचा प्रश्नच मोडीत काढला आहे. लोक रांगेने शहामृगाच्या डोक्याची टोपी चढवून घेताहेत. दुकान 'लिंडी'चं, म्हणजे 'अमेरिका फर्स्ट'चा वक्ता असलेल्या वैमानिक चार्ल्स लिंडबर्गचं, आणि टोपीने म्हणे हिटलरमुळे होणारी डोकेदुखी बरी होते. पाहणंच बंद केलं की मोजायचं काय? पुढे ८ डिसेंबर १९४१ला हाच शहामृग परत येतो, 'युद्ध' लिहिलेल्या स्फोटात उडालेला. एका प्रतीकाचा सात महिन्यांचा प्रवास असा लावून पाहणं हा उत्तम सराव आहे.

तटस्थतेच्या बाजूची चित्रं इतकीच ताकदीची आहेत, आणि नवखे ती टाळतात. सी. डी. बॅचलरचं 'डेली न्यूज'मधलं २५ एप्रिल १९३६चं चित्र काढा. कवटीचा चेहरा असलेली वेश्या, तिच्यावर लिहिलंय 'युद्ध'. समोर एक तरुण: 'कोणताही युरोपीय तरुण'. ती म्हणते: 'ये ना वर, मजेत ठेवीन. तुझ्या बापालाही ओळखायची मी.' या चित्राला १९३७चं पुलित्झर मिळालं. इथे अंतर मैलांत नाही, वर्षांत आहे. बाप गेला १९१४मध्ये, मुलगा आता. पहिल्या महायुद्धात अमेरिकेचे सुमारे १ लाख १६ हजार सैनिक गेले होते, आणि १९३४ ते १९३६ या काळात सिनेटर नाय यांच्या समितीने शस्त्रकारखानदारांच्या नफ्याची जाहीर चौकशी चालवली होती. ती आठवण ताजी असलेल्या वाचकाला 'लांब राहा' हा भित्रेपणा वाटत नव्हता, शहाणपण वाटत होतं.

तुलनेसाठी लोचं १८ जुलै १९३८चं चित्र पाहा. डोंगरउतारावर एकमेकांच्या आधाराने थांबलेले धोंडे. त्यातला एक चेकोस्लोव्हाकिया, बाकीच्यांवर पोलंड, रुमानिया आणि फ्रान्स-ब्रिटनची सुरक्षितता अशी नावं. पायथ्याशी बसलेला इंग्रज विचारतो, 'चेकोस्लोव्हाकियाशी माझा काय संबंध?' हे अंतर उभं आहे. जितकं लांब, तितका धोंडा जोरात येणार. 'दूर म्हणजे सुरक्षित' हे गणित लोने नुसती दिशा बदलून उलटं केलं.

पायरी ६. हलतंय कोण?

अंकल सॅम स्वतः काही करतो आहे, की त्याला कोणी ओढतं, ढकलतं, फूस लावतं आहे? हस्तक्षेपाच्या बाजूच्या चित्रांत दोष बहुधा त्याच्या निष्क्रियतेचा असतो: तो झोपतो, बसतो, पाठ फिरवतो. विरोधी बाजूच्या चित्रांत तो भाबडा आणि धडधाकट असतो, फसवणारे दुसरेच: जॉन बुल, कारखानदार, किंवा राष्ट्राध्यक्ष. रूझवेल्ट आणि अंकल सॅम दोघेही एकाच चित्रात वेगवेगळे उभे असतील तर नीट थांबा. देश आणि त्याचा नेता यांत फट आहे, असं चित्रकार म्हणतोय.

काही ओळखी पाठ ठेवा. जॉन बुल म्हणजे ब्रिटन, पोटावर युनियन जॅकचं जाकीट. रोमन शिरस्त्राण घातलेला धिप्पाड गडी म्हणजे मार्स, युद्धदेव. लांब झग्यातली कोलंबिया म्हणजे अमेरिकेचंच आदर्श रूप. कबुतर सांगायला नको. सेंट लुइसच्या 'पोस्ट-डिस्पॅच'मधला डॅनियल फिट्झपॅट्रिक तर माणूसच काढायचा नाही कधी कधी. त्याचं स्वस्तिक हेच गडगडत येणारं यंत्र. आपल्या वाचकासाठी एक इशारा: दारावरच्या आपल्या स्वस्तिकाशी त्याची गल्लत होते, म्हणून लिहिताना 'नाझी स्वस्तिक' असंच लिहा.

पायरी ७. ओळीचं मराठी

चित्राखालची ओळ आधी शब्दशः लिहून घ्या, मग सूर लावा. लांडग्याच्या चित्राला 'आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं' ही म्हण नेमकी बसते, आणि म्हणूनच ती कॅप्शनमध्ये वापरू नका. मूळ ओळीतली बालगोष्टीची निरागस चाल म्हणीत मरते, आणि भीती त्या चालीतच आहे. म्हण स्पष्टीकरणात घ्या.

'आयसोलेशनिस्ट' या शब्दाने पंचाईत होते. हिंदीतून येणारा 'अलगाववादी' मराठी वाचकाला फुटीरतावादी वाटतो. 'अलिप्ततावादी' म्हटलं की नेहरू, नासर, टिटो आठवतात, आणि ते धोरण वेगळ्या काळाचं, वेगळ्या कारणाचं. 'हस्तक्षेपविरोधी' हा शब्द रुक्ष आहे, पण चुकीची आठवण जागी करत नाही. आणखी एक भेद सांभाळा: 'तटस्थता' म्हणजे दोघांपैकी कुणालाच नाही, 'तुष्टीकरण' म्हणजे एकाला थोडं देऊन गप्प करणं. लोचं धोंड्यांचं चित्र पंतप्रधान चेंबरलेनच्या ब्रिटनबद्दल आहे, अमेरिकन कायद्याबद्दल नाही.

कुठे चुकतं

सर्वांत मोठी चूक पश्चातबुद्धीची. पर्ल हार्बर माहीत असलेल्या माणसाला प्रत्येक तटस्थ चित्र मूर्ख किंवा नाझीधार्जिणं दिसतं. उपाय सोपा आहे: वहीत चित्राच्या तारखेखाली रेघ मारा आणि त्यानंतरची एकही घटना विश्लेषणात येऊ देऊ नका. लिंडबर्गच्या ११ सप्टेंबर १९४१च्या डी मॉइन इथल्या भाषणात देशाला युद्धाकडे ढकलत असल्याचा ठपका ज्यूंवर होता. त्या तारखेनंतरच्या चित्रांत तो संदर्भ घ्या, १९३६च्या बॅचलरच्या माथी मारू नका.

उलटी चूकही होते. जो चित्रकार हिटलरबाबत बरोबर ठरला तो सगळ्याच बाबतींत बरोबर, असं धरलं जातं. स्यूसनेच १३ फेब्रुवारी १९४२ला पश्चिम किनाऱ्यावरचे जपानी-अमेरिकन लोक रांगेने स्फोटकं घ्यायला आलेले दाखवले. सहा दिवसांनी त्यांच्या सक्तीच्या स्थलांतराचा मार्ग मोकळा करणारा आदेश निघाला. हे चित्र वगळून त्याचा संच बनवू नका.

तिसरी चूक चुकीच्या खणाची. लोचं हिटलर आणि स्टालिन टोप्या काढून एकमेकांना लवून शिव्या देतानाचं चित्र 'युद्धापूर्वीची व्यंगचित्रं' म्हणून सर्रास फिरतं. ते २० सप्टेंबर १९३९चं, म्हणजे युद्ध सुरू झाल्यानंतरचं, आणि दोघांच्या मधलं प्रेत पोलंडचं.

छापण्याचं म्हणाल तर मोकळीक चित्रागणिक वेगळी. बेरीमन १९४९मध्ये वारला, लो १९६३मध्ये, गाइझल १९९१मध्ये. भारतात हक्क कलाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, ब्रिटनमध्ये ७०. समीक्षेसाठी एखादं चित्र दाखवणं वेगळं, अख्खा अल्बम चढवणं वेगळं.

पहिला सराव

बारा चित्रं निवडा: चार हस्तक्षेपाच्या बाजूची, चार विरोधातली, चार बेरीमनसारख्या राजधानीतल्या निरीक्षकाची. सगळी सप्टेंबर ते नोव्हेंबर १९३९ किंवा सगळी जानेवारी ते मार्च १९४१, दोन काळांची मिसळ नको. प्रत्येकासाठी एक पान, त्यावर सात ओळी: तारीख, पान व मालक, तटस्थ कोण, संकट काय, मध्ये काय, हलतंय कोण, ओळीचं मराठी. मग बाराही पानं जमिनीवर मांडा आणि 'मध्ये काय' या एकाच ओळीने क्रम लावा, सर्वांत रुंद अंतरापासून सर्वांत अरुंद अंतराकडे. हा क्रम तारखांशी किती जुळतो आणि मालकांशी किती, ते तपासा. जी दोन-तीन पानं कुठल्याच क्रमात बसत नाहीत, त्यांच्या दिवसाचं वर्तमानपत्र आधी उघडा.